पीसीओएस आहे आणि बाळ हवंय? मग आधी ओव्ह्युलेशनकडे बघा

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हा हार्मोन्सचा आणि ओव्हरीचा (बीजांडकोशांचा) त्रास असलेल्या मुलीला लग्नानंतर दोन वाक्यं सगळीकडून ऐकायला मिळतात. एक, "वजन कमी कर, सगळं नीट होईल" आणि दुसरं, "टेन्शन घेऊ नकोस, होईल आपोआप". दोन्ही वाक्यं प्रेमानेच बोललेली असतात पण नेमकं काय करायचं ते त्यातून काहीच कळत नाही, आणि मग मुली रात्री एक वाजता मोबाईलवर शोधत बसतात, कुठे दालचिनीचं पाणी, कुठे मेथीदाणे, कुठे अमुक पावडर तमुक काढा, आणि दोन वर्षं अशीच निघून जातात. मला स्वतःला पीसीओएस आहे, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय. घरच्या घरी काय करता येतं, त्यातलं कशाला खरंच अर्थ आहे, आणि कुठे थांबून डॉक्टरकडे जायचं, ते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पीसीओएसमध्ये बाळ राहायला अडचण येते ती मुख्यतः एकाच कारणाने, ओव्ह्युलेशन वेळेवर होत नाही किंवा होतच नाही. म्हणजे बीज पक्व होऊन बाहेर पडत नाही. सोनोग्राफीत ज्या "गाठी" दिसतात म्हणून आपण घाबरतो त्या गाठी नसतातच, अर्धवट वाढून थांबलेली छोटी छोटी फॉलिकल्स, म्हणजे बीज असलेल्या पिशव्या, असतात, त्यांना काढून टाकायचं नसतं की विरघळवायचं नसतं. उलट बीजांचा साठा पीसीओएसवाल्या बायकांमध्ये बहुतेक वेळा भरपूर असतो, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) जास्त येतं ते त्यामुळेच. साठा आहे, फक्त दर महिन्याला त्यातलं एक पूर्ण वाढून बाहेर पडायला हवं ते होत नाहीये. त्यामुळे आहार, व्यायाम, झोप जे काही करायचं ते ओव्ह्युलेशन परत आणण्यासाठी करायचं, आणि उपयोग होतोय की नाही हे पण ओव्ह्युलेशनवरूनच ठरवायचं, वजनाच्या काट्यावरून नाही.

ओव्ह्युलेशन थांबतं कशामुळे, तर बऱ्याच जणींमध्ये मूळ इन्सुलिनमध्ये असतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन तयार करतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला जास्त पुरुषी हार्मोन्स बनवायला लावतं, आणि त्यात फॉलिकलची वाढ मध्येच अडकते. मानेच्या मागे, काखेत काळपट मखमली डाग असतील तर ती बहुतेक वेळा याच इन्सुलिन रेझिस्टन्सची खूण असते, ते मळ म्हणून घासून घासून जात नाहीत. बारीक मुलींनाही हे असू शकतं, म्हणून "तू तर बारीक आहेस, तुला कसलं पीसीओएस" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

सुरू करण्याआधी एकदा तपासण्या

नैसर्गिक उपाय करायचेत म्हणून डॉक्टरकडे जायचंच नाही हा हट्ट मला अजिबात पटत नाही. पाळी अनियमित असण्यामागे थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोनही असू शकतं, आणि ते असेल तर तुम्ही कितीही भाकरी खा आणि कितीही चाला, मूळ कारण तसंच राहणार. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, बी 12, बीपी, आणि शुगर. शुगरसाठी नुसती उपाशीपोटीची टेस्ट पुरत नाही, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी बघतात ती टेस्ट पीसीओएसमध्ये जास्त खात्रीची, कारण उपाशीपोटीची नॉर्मल येऊन खाल्ल्यानंतरची वाढलेली असं खूप वेळा होतं. रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का तेही बघून घ्या, नसेल तर लस घेऊन एक महिना थांबावं लागतं, त्यामुळे ते आधीच उरकलेलं बरं.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. हे मी मुद्दाम पहिल्याच टप्प्यात लिहितेय. आपल्याकडे बाईला पीसीओएस आहे म्हटलं की सगळा दोष तिथेच जाऊन बसतो आणि पुरुषाची साधी, स्वस्त, बिनदुखण्याची टेस्ट दीड दीड वर्ष होत नाही. मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण असणं हे काही क्वचित घडत नाही, कितीतरी जोडप्यांमध्ये दोघांकडेही थोडं थोडं काहीतरी असतं. तंबाखू, गुटखा, सिगरेट, दारू, जिमसाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, मांडीवर तासन्तास गरम लॅपटॉप, या सगळ्याचा शुक्राणूंवर परिणाम होतो. तेव्हा पहिल्या महिन्यातच सांगायचं, माझ्या तपासण्या होतायत तर तुझी पण.

आत्ता चालू असलेल्या औषधांची यादीही डॉक्टरना दाखवा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन, चेहऱ्यावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन, वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं, ही गर्भ राहण्याच्या काळात चालत नाहीत, कधी बंद करायची आणि त्यानंतर किती थांबायचं हे विचारूनच पुढे जा. त्वचेच्या डॉक्टरना तुम्ही बाळासाठी प्रयत्न करताय हे माहीतच नसतं, सांगायला आपल्यालाच लागतं.

ताटात काय

पीसीओएससाठी एकच एक खास डाएट नाही. 2023 साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून पीसीओएसची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट म्हटलंय की कुठलाही एक आहारप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, पौष्टिक आणि तुम्हाला टिकवता येईल असा आहार घ्या. मला हे वाचून खूप बरं वाटलं, कारण याचा अर्थ किनोआ, ॲव्होकॅडो, बदामाचं पीठ आणायची काही गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे, फक्त प्रमाण बदलायचं.

आपल्या रोजच्या जेवणात अडचण कुठे आहे तर सकाळी चहाबरोबर खारी किंवा बिस्किटं, नाश्त्याला कांदेपोहे, दुपारी तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, वर भात, संध्याकाळी परत चहा, रात्री वरणभात. दिवसभर पिष्टमय पदार्थ आणि प्रोटीन जवळजवळ नाहीच. वरण आहे ना, असं आपण म्हणतो, पण पातळ वरणात डाळ किती असते ते एकदा बघा. तर पहिला बदल हा की प्रत्येक खाण्यात प्रोटीन दिसलं पाहिजे. मटकी, मूग, चवळी, वाल यांची घट्ट उसळ वाटीभर, पिठलं, डाळ घालून केलेल्या पालेभाज्या, ताक, दही, पनीर, खात असाल तर अंडी, मासे, चिकन. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन मिळतं, त्यामुळे दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक भाकरी हा नाश्ता पोह्यांच्या मोठ्या बशीपेक्षा कितीतरी जास्त वेळ पोट भरलेलं ठेवतो. पोहे आवडत असतील तर सोडू नका, त्यात मटार, मोड आलेले मूग, शेंगदाणे एवढे घाला की पोहे निम्मे राहतील.

ज्वारी, बाजरीची भाकरी चांगलीच, फायबर जास्त, पण "भाकरी पौष्टिक" म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच. नाचणीचंही तसंच, भाकरी वेगळी आणि गूळ घालून केलेलं सत्त्व वेगळं, सत्त्व पातळ आणि बारीक पिठाचं असल्याने शुगर पटकन वर नेतं. गुळाबद्दलही सांगते, साखरेऐवजी गूळ घातला म्हणून इन्सुलिनला काही फरक पडत नाही, मध पण तसंच, खजुराचे लाडू पण तसंच. चहातली साखर अर्धी करा, दोन आठवड्यांत जिभेला सवय होते, मग अजून अर्धी. फळं खा, आंबासुद्धा खा, पण रस काढून वाटीवर वाटी पुरीसोबत नाही, फोडी करून, जेवणानंतर ढीगभर नाही, एक.

खाण्याचा क्रम बदलून बघा, हे मला सगळ्यात सोपं वाटतं कारण यात काही सोडायचंच नसतं. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा आमटी, आणि पोळी-भात शेवटी. असं खाल्लं की जेवणानंतरची शुगर कमी चढते. आणि जेवण झाल्यावर लगेच पलंगावर न पडता दहा-पंधरा मिनिटं चालायचं, घरातल्या घरात, गॅलरीत, सोसायटीच्या आवारात, कुठेही. स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनवरचा भार हलका होतो.

उपवासाबद्दल स्पष्ट बोलते. संकष्टी, गुरुवार, नवरात्र, श्रावणी सोमवार असं धरून महिन्यातले कितीतरी दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स आणि गोड चहा यावर निघतात, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च आहे. उपवास सोडा असं मी म्हणत नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे, पण राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, भोपळ्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर हेही उपवासाचंच आहे ना. तेवढं बदला.

दूध बंद, गहू बंद, असं सोशल मीडियावर फार सांगतात. सीलिअॅक (गहू न सोसण्याचा आजार) असेल किंवा दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर सरसकट बंद करायचं काही कारण नाही, उलट शाकाहारी बाईचं दूध-दही बंद केलं की प्रोटीन, कॅल्शियम आणि बी 12 तिघंही हातचे जातात.

वजन, पण वेगळ्या नजरेने

वजन जास्त असेल तर ते सध्याच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेक जणींचं ओव्ह्युलेशन परत सुरू होतं. म्हणजे 70 किलो असाल तर साडेतीन ते सात किलो. "आदर्श वजन" गाठायची गरज नाही, कॉलेजमधल्या जीन्समध्ये मावायची गरज नाही. आपल्या भारतीय शरीराची एक गोष्ट अशी की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 च्या वर गेलं की आपल्याकडे ते जास्त धरतात, आणि कंबर 80 सेंटीमीटरच्या वर गेली तर पोटावरची चरबी जास्त आहे असं समजतात, म्हणून काट्यासोबत टेपही ठेवा. व्यायाम सुरू केल्यावर वजन तेवढंच राहून कंबर कमी झाली असं होतं, आणि ते चांगलंच लक्षण आहे.

क्रॅश डाएट मात्र करू नका. महिन्यात आठ किलो वगैरे जाहिराती असतात, नुसतं सूप आणि सॅलडवर राहायचं. शरीराला उपासमार वाटली की ते पहिलं पाळीची यंत्रणाच बंद करतं, म्हणजे ज्यासाठी करतोय तेच थांबतं, शिवाय गर्भ राहिला तर तो कुपोषित शरीरात राहतो. आणि तुम्ही मुळात बारीक असाल तर वजन अजिबात उतरवू नका, तुमच्यासाठी स्नायू वाढवणं, प्रोटीन आणि झोप याच गोष्टी.

व्यायाम

आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि वजन कमी करायचं असेल तर 250 मिनिटांपर्यंत. मध्यम म्हणजे किती तर चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये एवढा वेग. घरकामात दिवस जातो, वेगळा व्यायाम कशाला, असं घरातले म्हणतात, पण केर-लादी, स्वयंपाक यात दमायला होतं तरी हृदयाची गती बराच वेळ वाढलेली अशी राहत नाही, त्यामुळे ते त्यात धरू नका.

आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हा बायका हमखास टाळतात. बैठका, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या बाटल्या उचलणं, जिन्याच्या पायऱ्या, हे घरीही होतं. शरीरातली साखर बऱ्याच प्रमाणात स्नायूच वापरतात, स्नायू वाढले की इन्सुलिन कमी लागतं, इतकं सरळ आहे. योगासनं, सूर्यनमस्कार आवडत असतील तर उत्तम, मनालाही बरं वाटतं, पण अमुक एका आसनाने ओव्हरी उघडते वगैरे जे व्हिडिओ असतात त्यावर विश्वास ठेवू नका. गर्भ राहिला असेल आणि त्याला धक्का बसेल या भीतीने महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्यायाम बंद करणाऱ्याही असतात, चालणं आणि नेहमीचा व्यायाम यांनी काही होत नाही, चालू ठेवा.

झोप, तंबाखू आणि मन

सात तास तरी झोप. हिंजवडीत, ऐरोलीत, परदेशी क्लायंटच्या वेळेनुसार रात्री बारा-एकपर्यंत कॉलवर असणाऱ्या मुली मला माहिती आहेत, त्यांना लवकर झोपा म्हणणं सोपं आहे पण नोकरी आहे, कळतं. निदान झोपायची आणि उठायची वेळ रोज सारखी ठेवा, शिफ्ट बदलून मिळत असेल तर या काही महिन्यांसाठी मागून बघा. झोपेत जोरात घोरणं, श्वास अडकल्यासारखं होऊन जाग येणं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं असं असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करा, पीसीओएसमध्ये तो जास्त आढळतो आणि इन्सुलिन बिघडवतो.

तंबाखू म्हटलं की आपण पुरुषांकडे बघतो पण गावाकडे आणि शहरातल्या वस्त्यांमध्येही कितीतरी बायका मशेरी लावतात, दात घासायची म्हणून, आणि डॉक्टरने "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात कारण त्यांच्या मनाने ते खाणं नाहीच. मशेरी भाजलेला तंबाखूच आहे. बीजावरही परिणाम, आणि गर्भ राहिला तर बाळाच्या वजनावरही. तुमच्या घरात कोणी लावत असेल आणि बाळासाठी प्रयत्न करत असेल तर तिला हे समजावून सांगा, रागावून नाही.

मनाचं म्हणाल तर पीसीओएसमध्ये नैराश्य आणि अँग्झायटी जास्त आढळते हे आता नीट मान्य झालंय, तो तुमचा कमकुवतपणा नाही. त्यात प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला "तुमची गोड बातमी कधी" हा प्रश्न. मला वाटतं याचं उत्तर नवऱ्याने द्यायला शिकलं पाहिजे, आपल्या बाजूच्या नातेवाईकांना त्याने सांगायचं की आमचं आम्ही बघतोय, विचारू नका. सतत रडू येत असेल, कशात रस वाटत नसेल, तर समुपदेशकाकडे जा, ते ट्रीटमेंटचाच भाग आहे.

ओव्ह्युलेशन होतंय का हे कसं ओळखायचं

इथे जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो.

चौदाव्या दिवशी ओव्ह्युलेशन, हे 28 दिवसांच्या सायकलचं गणित आहे. ओव्ह्युलेशन पुढची पाळी येण्याआधी साधारण दोन आठवडे होतं, त्यामुळे 42 दिवसांची सायकल असेल तर ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास असणार, आणि तुम्ही बारा ते सोळा दिवसांत प्रयत्न करून मग निराश होऊन बसलेल्या असता. मोबाईलवरची ॲप्सही मागच्या तारखांची सरासरी काढून अंदाज सांगतात, पाळी कधी 33 कधी 50 दिवसांनी येत असेल तर त्या अंदाजाला काही अर्थ राहत नाही. ॲप तारखा लिहून ठेवायला वापरा, एवढंच.

शरीराची पहिली खूण म्हणजे योनीतला स्राव. तो एरवी कोरडा किंवा चिकट पांढरट असतो, ओव्ह्युलेशन जवळ आलं की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, बोटांत ताणला जाणारा, निसरडा होतो. ते दिवस सगळ्यात महत्त्वाचे. पीसीओएसमध्ये कधी कधी असा स्राव येतो, जातो, परत येतो, कारण शरीर प्रयत्न करतं आणि मध्येच थांबतं, त्यामुळे दिसला की संबंध ठेवा आणि परत दिसला तर परत.

दुसरी खूण तापमानाची. दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर घ्या, सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातून उठायच्या आधी, रोज एकाच वेळी, तोंडात. ओव्ह्युलेशननंतर हे तापमान साधारण 0.2 ते 0.5 सेल्सिअसने वाढतं आणि वाढलेलंच राहतं. तीन दिवस सलग वर राहिलं तर ओव्ह्युलेशन होऊन गेलं असं समजायचं. म्हणजे हे आधी सांगत नाही, झाल्यावर सांगतं, पण होतंय की नाही एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. आणि अठरा दिवस तापमान वरच राहिलं तर प्रेग्नन्सी टेस्ट करा.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किट्स एलएच हे ओव्ह्युलेशनच्या आधी वाढणारं हार्मोन मोजतात, आणि पीसीओएसमध्ये एलएच कित्येकींचं कायमच थोडं वाढलेलं असतं, त्यामुळे पट्टी पाच-पाच दिवस पॉझिटिव्ह येते आणि बीज बाहेर पडलेलंच नसतं. नुसत्या किटच्या भरवशावर राहू नका, स्राव आणि तापमान सोबत बघा.

खात्री करायची असेल तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे ओव्ह्युलेशननंतर वाढणारं हार्मोन. चिठ्ठीवर "एकविसाव्या दिवशी" असं लिहिलेलं असतं पण तेही 28 दिवसांच्या सायकलसाठी. तुमची पाळी ज्या दिवशी येईल असं वाटतंय त्याच्या सात दिवस आधी करायची ती टेस्ट, 35 दिवसांची सायकल असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी. 3 नॅनोग्रॅमच्या वर आलं तर ओव्ह्युलेशन झालंय असं धरतात. किंवा फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक दोन दिवसांआड सोनोग्राफी करून फॉलिकल वाढतंय का, 18-20 मिलिमीटर होऊन फुटतंय का ते बघणं.

अजून एक, गोळ्या घेऊन आलेली पाळी म्हणजे ओव्ह्युलेशन झालं असं नाही. पाळी येण्याच्या गोळ्या बंद केल्या की रक्तस्राव होणारच, त्यात बीजाचा काही संबंध नसतो. आणि त्या गोळ्या घेण्याआधी दर वेळी प्रेग्नन्सी टेस्ट करा. "माझी पाळी तर नेहमीच लांबते" असं म्हणून टेस्ट न करणाऱ्या आणि दीड-दोन महिन्यांनी कळलेल्या बायका असतात.

प्रयत्न कधी करायचे, तर शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगतात आणि बीज जेमतेम एक दिवस. ओव्ह्युलेशनचा दिवस नक्की माहीत नसेल तर पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले की कुठला ना कुठला दिवस सापडतो, आणि घड्याळ लावून केल्याचं दडपणही येत नाही. नंतर पाय वर करून पडून राहायची गरज नाही. वंगण लागत असेल तर डॉक्टरना विचारून घ्या, बाजारातली बरीचशी शुक्राणूंची हालचाल मंद करतात.

गोळ्या, पावडरी, काढे

फॉलिक ॲसिड, यात वादच नाही. रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या निदान एक ते तीन महिने आधीपासून, बाळाच्या मज्जारज्जूसाठी. वजन बरंच जास्त असेल किंवा डायबेटीस असेल तर डॉक्टर जास्त डोस देतात. डी आणि बी 12 कमी असेल तर भरून काढा. मेटफॉर्मिन (इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी देतात ती गोळी) चालू असेल तर बी 12 वर लक्ष ठेवाच, ते औषध बी 12 कमी करतं, आणि शाकाहारी बायकांचं मुळात कमी असतं.

इनोसिटॉल नावाच्या सप्लिमेंटची पाकिटं हल्ली सगळीकडे आहेत. त्रास फारसा होत नाही, काही जणींना उपयोग होतो, पण ओव्ह्युलेशन होण्यासाठीचा पुरावा अजून तोकडाच आहे. परवडत असेल तर डॉक्टरना विचारून तीन महिने घेऊन बघा, महिन्याचं बजेट कोलमडत असेल तर तेच पैसे अंडी, पनीर, कडधान्यावर खर्च करा, मी तरी तेच सांगेन.

दालचिनी भाजीत, मसाल्यात असते तेवढी ठीक, चमचा चमचा पाण्यातून रोज नको, आपल्याकडे दालचिनी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच सालीत कुमॅरिन नावाचं रसायन असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला वाईट. मेथीदाणे, जवसाची चटणी, तीळ खा, अन्न म्हणून चांगलेच आहेत, औषध म्हणून अपेक्षा ठेवू नका. आयुर्वेदिक औषधं घ्यायची असतील तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडून, आणि गायनॅकना सांगून घ्या. लेबल नसलेली, कोणीतरी कुरिअरने पाठवलेली पुडी घेऊ नका, असल्या औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, गर्भ राहायच्या काळात ते किती घातक आहे हे वेगळं सांगायला नको.

किती थांबायचं

फॉलिकलच्या वाढीच्या शेवटच्या टप्प्यांना साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे आज सुरू केलेल्या बदलाचा परिणाम पुढच्याच महिन्यात शोधू नका. तीन ते सहा महिने मनापासून करा. या काळात सायकल 60 वरून 40 वर आली, तापमान वर जाऊन टिकायला लागलं, तर बरोबर चाललंय. पण पाळी 90 दिवसांच्या वर लांबली तर थांबू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहणं चांगलं नाही, डॉक्टरकडे जा.

एक वर्ष प्रयत्न करून मग डॉक्टर, हा नियम नियमित पाळी असणाऱ्या पस्तिशीच्या आतल्या बायकांसाठी आहे. तुमची पाळीच वर्षातून पाच-सहा वेळा येत असेल तर तुम्हाला वर्षभरात संधीच पाच-सहा मिळणार, त्याही झाल्या तर, म्हणून पहिल्याच दिवसापासून डॉक्टर सोबत असू द्या, आणि पस्तिशी ओलांडली असेल तर तर नक्कीच. औषध घेणं म्हणजे हरणं नाही, खाणंपिणं आणि व्यायाम केलेल्या शरीरावर औषधही चांगलं लागू पडतं. ओव्ह्युलेशनसाठी पहिलं औषध म्हणजे लेट्रोझोल. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्यावर बंदी आली होती, 2017 मध्ये ती उठली, त्यामुळे घरातल्या कोणी "ते तर बंदी असलेलं औषध" म्हणालं तर घाबरू नका. 2014 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये लेट्रोझोलने बाळ होण्याचं प्रमाण क्लोमिफेन या जुन्या औषधापेक्षा जास्त निघालं, 27.5 टक्के विरुद्ध 19.1 टक्के. ते सुरू करण्याआधी बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या उघड्या आहेत का हे बघायचं का असं विचारा, आपल्या देशात टीबीमुळे नळ्या बंद झालेल्या बायका कमी नाहीत. पहिल्याच भेटीत कोणी थेट आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) पॅकेज पुढे केलं आणि नळ्या, वीर्य सगळं नीट असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. मुंबईत असाल तर परळला आयसीएमआरच्या प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएससाठी वेगळं क्लिनिक चालतं, तिथे आहार, मन, हार्मोन्स सगळं एकत्र बघतात.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर लगेच डॉक्टरना कळवा. मेटफॉर्मिन किंवा प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर ते बंद करायचं की चालू ठेवायचं हे स्वतः ठरवू नका, त्याच दिवशी फोन करून विचारा. फॉलिक ॲसिड सुरूच ठेवा. पीसीओएसमध्ये गरोदरपणात शुगर आणि बीपी वाढायची शक्यता जास्त असते, त्यामुळे ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट पहिल्याच भेटीत मागून घ्या, आणि ती नॉर्मल आली तरी 24 ते 28 आठवड्यांत परत करा.